सिहार बांधीला जेवू घालताना

तिरोडीचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला मँगनीज आठवते. मॉयलची खाण आणि तुमसरहून येणारी रेल्वे हीच गावाची ओळख झाली आहे. १९३८ साली इथल्या खडकात सापडलेल्या एका खनिजाला तर भूशास्त्रज्ञांनी गावावरून ‘तिरोडाइट’ असे नाव दिले. पण खाणीपासून थोडे दूर गेले की सगळीकडे धानाच्या बांध्या लागतात. आमचा बालाघाट हा धानाचा जिल्हा आहे. इथल्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तरीही सगळ्यांच्या वाट्याला काळी कन्हार जमीन येत नाही. पुष्कळांकडे सिहार असते. ही पिवळसर, रेताड माती उन्हाळ्यात कुदळ लागू देत नाही आणि पहिल्या जोरदार पावसात वाहून जायला लागते. अशाच हलक्या बांधीत शेणखत, तणस, हिरवा पाला आणि तलावाचा गाळ टाकत आलो. त्याने मातीतल्या जिवांचे काय होते ते पाहत राहिलो, जाणकारांना विचारत राहिलो. त्यातून जे हाती लागले ते क्रमाने सांगतो.

१. खत मातीतल्या जिवांसाठी घालायचे असते

शेणखतातले नत्र धानाला सरळ उचलता येत नाही. ते सेंद्रिय रूपात अडकलेले असते. जिवाणू आणि बुरशी ते खातात, मोडतात, आणि मग अमोनियम रूपातले नत्र मातीच्या पाण्यात मोकळे होते. धानाचे मूळ उचलते ते हे नत्र. युरिया टाकलेल्या बांधीतसुद्धा धानाने घेतलेल्या नत्रातला निम्म्याहून अधिक भाग साधारणपणे मातीतल्या सेंद्रिय साठ्यातून आलेला असतो. म्हणजे पीक पोसायचे मोठे काम हे डोळ्यांना न दिसणारे जीवच करतात.

एक ग्रॅम मातीत ते कोट्यवधी असतात. पण त्यांच्या शरीरातला सगळा कर्ब मोजला तर तो मातीच्या सेंद्रिय कर्बाच्या एक ते पाच टक्के इतकाच भरतो. कर्ब घटला की त्यांची संख्याही घटते. माती परीक्षणाच्या कागदावर ०.५ टक्क्यांखालचा सेंद्रिय कर्ब ‘कमी’ धरतात, आणि सिहार बांधीच्या कागदावर हा शब्द वारंवार दिसतो. त्याची कारणे स्पष्ट आहेत. या मातीत चिकणमातीचा अंश थोडा असल्याने सेंद्रिय पदार्थाला धरून ठेवायला जागा नाही. वैशाखाच्या तापात उघडी माती भाजते. कापणीनंतर धान, तणस, गवत असे सगळे आपण उचलून घरी नेतो. मातीला परत काहीच मिळत नाही, आणि बहुतेक जिवाणू उपाशी, निपचित पडून राहतात.

२. पाणी उभे राहिले की मातीतली वस्ती बदलते

गहू, हरभऱ्याच्या शेताला लागू असलेले खताचे शहाणपण धानाच्या बांधीला जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण बांधीत पाणी उभे असते. हवेत ऑक्सिजन जितक्या सहज पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश तो पाण्यात पसरतो. चिखल करून पाणी भरले की एक-दोन दिवसांत मातीतला ऑक्सिजन संपतो. फक्त वरचा काही मिलिमीटरचा थर आणि धानाच्या मुळांभोवतीचा पातळ पट्टा एवढाच हवेशीर उरतो. धान आपल्या पेशींमधल्या पोकळ्यांतून मुळांपर्यंत हवा नेते, म्हणून ते चिखलात जगते.

ऑक्सिजन गेला तरी मातीचा श्वास थांबत नाही. आधी नायट्रेट वापरणारे जिवाणू पुढे येतात, आणि तेवढे नत्र वायू होऊन उडून जाते. त्यानंतर मँगनीज डायऑक्साइडवर जगणारे, मग लोहाच्या गंजावर जगणारे, मग सल्फेटवर जगणारे येतात. शेवटी मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव येतात. ज्या मँगनीजसाठी तिरोडीत खाण खणली गेली, तेच मँगनीज आपल्या मातीतले जिवाणू ऑक्सिजनच्या जागी श्वासासाठी वापरतात. मातीत मँगनीज आणि लोह भरपूर असले तर सल्फाइड आणि मिथेनची पाळी उशिरा येते, ही या पट्ट्याची जमेची बाजू. लोहाचे रूप बदलले की त्याने घट्ट धरून ठेवलेला स्फुरदही सुटतो आणि पिकाला मिळतो.

पण ही सगळी उतरंड किती वेगाने उतरायची हे आपण टाकलेल्या सेंद्रिय पदार्थावर ठरते. ताजा, कच्चा माल भरपूर टाकला तर जिवाणू झपाट्याने वाढतात, सगळे साठे भराभर संपवतात आणि माती लवकर विषारी वायूंच्या पायरीवर जाऊन पोचते. काय टाकले, ते किती कुजलेले होते आणि पाणी भरण्याच्या किती आधी टाकले, या तीन प्रश्नांची उत्तरे ‘किती टाकले’ याच्याइतकीच महत्त्वाची आहेत. पुढचे जवळजवळ सगळे बोल यातूनच निघतात.

३. कच्चे खत रोवण्याच्या तोंडावर बांधीत नेऊ नये

रोवणे आटोपल्यावर शेजारच्या एका काकांनी विचारले होते, “भाऊ, एवढं खात टाकलं, तरी पऱ्हे पिवळे काऊन पडले?” त्यांनी आधल्या आठवड्यात अर्धवट कुजलेले शेण आणि गोठ्यातली तणस गाडली होती. धानाच्या तणशीत कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण साठ ते ऐंशीला एक असते. जिवाणूंच्या स्वतःच्या शरीरात ते आठ-दहाला एक असते. एवढा कर्ब पचवायला त्यांना नत्र लागते, आणि ते त्यांनी मातीतून ओढून घेतले. कोवळ्या रोपांच्या वाट्याला काहीच उरले नाही. त्यात ऑक्सिजनशिवाय कुजताना सेंद्रिय आम्ले तयार होतात, सल्फाइड सुटते, आणि नवी मुळे काळी पडतात. काकांना मी इतकेच सांगितले की आता काही दिवस पाणी उतरवा, मातीला हवा लागू द्या. नत्राची कमाई पुढे होईल.

ही उसनवारी कायमची नसते. जिवाणू मरतात, तेव्हा त्यांच्या शरीरातले नत्र मातीत परत येते. पण धानाला फुटव्यांच्या वेळी ते हवे असते आणि ती वेळ निघून गेलेली असते.

चांगले कुजलेले खत ओळखायला यंत्र लागत नाही. त्यात काडी काडीसारखी दिसत नाही, हात घातला तर गरम लागत नाही, आणि वास अमोनियाचा न येता पहिल्या पावसातल्या मातीचा येतो. हा वास ॲक्टिनोमायसिटीज नावाचे जिवाणू तयार करतात. कठीण काडीकचरा मोडण्यात त्यांचा हात मोठा असतो.

४. खत शेतात जाण्याआधीच अर्धे वाया जाते

गावोगावी रस्त्याकडेचे ढीग पाहिले की जीव हळहळतो. उन्हाने नत्र उडते, पावसाने पालाश वाहून जातो. उन्हाळ्यात बंड्या भरून शेतात न्यायच्या आणि छोटे छोटे ढीग रोवण्यापर्यंत उघडे ठेवायचे, ही चाल तर फारच महाग पडते. शेणखतात नत्र मुळात अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. त्यातलेही निम्मे गमावले, तर एवढ्या मेहनतीचे उरते काय?

कंपोस्टचे शास्त्र आपल्याच मुलखात वाढले आहे. इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली आणि १९३१ साली तिच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ‘नाडेप’ पद्धत दिली. विटांचे, भिंतीत भोके ठेवलेले टाके बांधायचे. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. त्यात काडीकचरा, शेणाचे पाणी आणि गाळलेली माती यांचे थर लावायचे आणि वरून लिंपून घ्यायचे. टाक्यात जाणाऱ्या काडीकचऱ्याच्या मानाने शेण अगदी थोडे, शंभर किलोच्या आसपास, लागते. जनावरे कमी झालेल्या घरांसाठी या पद्धतीचे मोल फार आहे. भोकांतून हवा खेळते, त्यामुळे हवेशीर जागेतले जिवाणू काम करतात आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होते. टाके बांधायची ऐपत नसेल तर सावलीतला खड्डा, वर मातीचा थर आणि अधूनमधून पाणी एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

खत शेतात नेले की त्याच दिवशी पसरावे आणि नांगराखाली घालावे. हा नियम मी कोणत्याही हंगामात मोडू देत नाही.

५. तणशीची खरी वेळ कापणीनंतरची आहे

आता हार्वेस्टर गावात येतो आणि उंच धसकटे आणि पसरलेली तणस सोडून जातो. काही ठिकाणी लोक काडी लावतात. पेटवताना नत्र आणि गंधक हवेत जाते, आणि वरच्या थरातले जीव भाजून निघतात. तणशीत सुमारे दीड टक्का पालाश असतो आणि सिलिकाही भरपूर असते. हलक्या बांधीला या दोन्हींची गरज असते.

जनावरांना लागेल तेवढी तणस अवश्य ठेवावी. उरलेली कापणीनंतर लगेच, ओल असतानाच, मातीत मिसळावी. त्या वेळी बांधीत पाणी नसते, हवा असते. बुरशी काडीत शिरते आणि सेल्युलोज मोडते. पुढच्या आषाढात पाणी भरेपर्यंत तिचा कच्चेपणा गेलेला असतो. तीच तणस रोवण्याआधी गाडली तर बांधीतून मिथेन कितीतरी जास्त सुटतो. माणसाच्या कामांमुळे जगभरात जो मिथेन हवेत जातो, त्याचा सुमारे आठ ते दहा टक्के वाटा भातशेतीचा आहे. गाडण्याची वेळ बदलायला काही खर्च लागत नाही.

६. हलक्या बांधीसाठी धुरा हेच खताचे रान

ढेंचा आणि बोरू ही हिरवळीची पिके उत्तम आहेत. पेरून पंचेचाळीस दिवसांनी गाडली की कोवळा, नत्राने भरलेला पाला मातीत जातो. जिवाणू तो दोन आठवड्यांत पचवायला लागतात. पण आपल्याकडे पावसावरची शेती. मृगाच्या सरी लांबल्या तर ढेंचा पेरायचा केव्हा आणि रोवणे करायचे केव्हा? पाण्याची सोय असलेल्यांनी ढेंचा जरूर करावा.

बाकीच्यांसाठी धुऱ्यावरचा गिरिपुष्प जास्त भरवशाचा. डॉ. नारायण सावंत यांनी महाराष्ट्रात जी चारसूत्री भातशेती रुजवली, तिचे दुसरे सूत्र हेच आहे. गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला सुमारे ३० किलो या हिशेबाने चिखलणीच्या आधी बांधीत पसरायचा. पाने कोवळी असल्याने ती लवकर कुजतात, जाड फांद्या काढून टाकता येतात, आणि झाड स्वतः हवेतले नत्र मुळांवरच्या गाठींत बांधते. पहिले सूत्रही लक्षात ठेवण्यासारखे आहे. भाताचे अवशेष भातालाच परत करायचे. पऱ्ह्यांच्या वाफ्यात तुसाची राख मिसळली की रोपांना सिलिका मिळते आणि ती कणखर होतात. चौथ्या सूत्रातली युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध खोल खोचली जाते. ऑक्सिजन नसलेल्या थरात अमोनियम टिकून राहते आणि नायट्रेट होऊन उडत नाही. मातीच्या जिवाणूंची समज असलेल्या माणसानेच अशी पद्धत रचावी.

७. तलावाचा गाळ ही कायमची गुंतवणूक आहे

या साऱ्या मुलखात बोड्या आणि जुने मालगुजारी तलाव आहेत. उन्हाळ्यात निघालेला त्यांचा गाळ सिहार बांधीत पडला की मातीला चिकणमातीचे बारीक कण मिळतात. सेंद्रिय पदार्थ या कणांना चिकटून राहतो आणि सहजासहजी जळून जात नाही. शेणखताचा परिणाम दोन-तीन हंगामांत विरतो, गाळाचा वर्षानुवर्षे राहतो. गाळ आणि कुजलेले खत एकाच वर्षी टाकावे, म्हणजे दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात.

८. पाण्यावरच्या हिरव्या थराला शत्रू समजू नये

रोवणे झाल्यावर बांधीच्या पाण्यावर निळा-हिरवा थर येतो. पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवून दिले की भातखाचरातली नील-हरित शेवाळे हवेतले नत्र बांधतात. चांगल्या परिस्थितीत ती हेक्टरी वीस-तीस किलो नत्राची भर घालतात. त्यांना ऊन, स्थिर पाणी आणि थोडा स्फुरद लागतो. पाण्यावर भरमसाट युरिया फेकला की ती नत्र बांधायचे थांबवतात, कारण ते त्यांना आयते मिळालेले असते. युरिया मातीत खोल गेला तर पिकाला नत्र मिळते आणि शेवाळांचे कामही चालू राहते. लहान रोपे थराखाली दबत असतील तेव्हा मात्र पाणी काढून तो खाली बसू द्यावा.

अझोला हेच काम जास्त वेगाने करतो. पण आपल्याकडचा उन्हाळा त्याला सोसत नाही. थोडा अझोला सावलीच्या टाक्यात जपून ठेवावा लागतो.

९. कापणीनंतर बांधी उघडी ठेवू नये

जिवंत मूळ मातीत साखर आणि आम्ले सोडत असते. त्यावर जिवाणूंची मोठी वस्ती जगते. धान कापले आणि सहा महिने बांधी मोकळी ठेवली तर ही वस्ती विखुरते. मुळांशी नाते जोडून स्फुरद मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी तर उभ्या पाण्यात आधीच दुबळी झालेली असते. कोरड्या हंगामातले पीक तिला पुन्हा उभी करते. धान उभे असताना चिखलात लाखोरी किंवा जवस फेकण्याची उतेऱ्याची जुनी रीत म्हणूनच मोलाची आहे. सिहारात ओल लवकर तुटते, तिथे खोलगट बांध्या निवडाव्यात. पीक थोडे आले तरी मुळे आणि पाला मातीच्या कामी येतातच.

१०. सेंद्रिय की रासायनिक, या भांडणात मातीचे नुकसान होते

एकरी ५ टन शेणखतात जेमतेम २५ किलो नत्र असते. त्यातला पाव ते तृतीयांश भागच पहिल्या हंगामात मोकळा होतो. कष्टी जमिनीत सगळी खते एकदम बंद करून फक्त शेणखतावर उतरणाऱ्या गरीब घराचे उत्पन्न कोसळू शकते. कटकच्या तांदूळ संशोधन संस्थेत १९६९ पासून आणि देशात इतरत्रही वर्षानुवर्षे चाललेल्या दीर्घकालीन प्रयोगांतून एकच गोष्ट पुढे येत राहिली आहे. संतुलित खत आणि शेणखत दोन्ही मिळालेल्या वाफ्यांत उत्पन्न टिकते, सेंद्रिय कर्ब वाढतो आणि सूक्ष्मजीवही जास्त असतात. नुसता युरिया घेतलेले वाफे मागे पडत जातात.

जस्ताचेही तेच. पंतनगरला यशवंत नेने यांनी १९६६ मध्ये दाखवले की धानावरचा ‘खैरा’ जस्ताच्या कमतरतेने होतो. पानांवर तांबूस ठिपके दिसले तर जस्त द्यावेच लागते, तिथे शेणखताची वाट पाहू नये. चिन्नोरसारखे उंच वाण मात्र युरियाने लोळते. त्याला सावकाश नत्र सोडणारी जिवंत माती खरोखर मानवते. ज्यांना पूर्ण सेंद्रिय शेती करायची आहे त्यांनी चिन्नोरच्या बांधीपासून सुरुवात करावी.

बाटलीतले जिवाणू आणि जीवामृत यांच्याबद्दलही हेच म्हणेन. रोपांची मुळे अॅझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात बुडवून रोवावीत, ते उपयोगी आहे. पण ज्या मातीत खायला काही नाही तिथे पाहुणे जिवाणू टिकत नाहीत. आधी कर्ब द्या, मग संवर्धक.

११. पाणी काढणे हेही मातीची सेवा आहे

फुटवे पुरेसे आले की जिथे पाण्यावर ताबा आहे तिथे बांधी काही दिवस सुकू द्यावी, बारीक भेगा पडू द्याव्यात आणि मग पुन्हा भरावी. भोके पाडलेली नळी मातीत रोवून पाण्याची पातळी पंधरा सेंटिमीटर खाली गेली की भरायचे, ही पद्धत आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेने पसरवली. मिथेन सुमारे निम्मा होतो, पाणी वाचते, मुळांना हवा मिळते. पाणी नसताना नायट्रेट तयार होते आणि पुन्हा भरताना ते उडते, म्हणून अशा आठवड्यात युरिया टाकू नये. फुलोऱ्याच्या वेळी मात्र बांधी कधीही कोरडी पडू देऊ नये.

१२. माती बोलते, तिला विचारायला शिकावे

चूड उपटून मुळे पाहावीत. पांढरी किंवा गंजाच्या तांबूस लेपाची मुळे निरोगी असतात. काळी आणि सडक्या अंड्याच्या वासाची मुळे मातीत हवा कमी असल्याचे सांगतात. रब्बीत सुती कापडाचा तुकडा वीतभर खोल पुरून दोन महिन्यांनी काढावा. त्याच्या चिंध्या झाल्या असतील तर सेल्युलोज खाणारे जीव जागे आहेत. दर तीन वर्षांनी सेंद्रिय कर्ब तपासून घ्यावा. बांधीचा एक पट्टा मुद्दाम खताशिवाय ठेवावा, नाहीतर चांगल्या पावसाचे श्रेय आपण खताला देऊन मोकळे होतो.

१३. मातीला मुदत द्यावी लागते, आणि कसणाऱ्यालाही

सेंद्रिय कर्ब एका हंगामात वाढत नाही. जिवाणू आठवड्यात जागे होतात, पण त्यांचा कायमचा संसार उभा राहायला वर्षे जातात. इथेच सगळ्यात मोठी अडचण आहे. सिहार बांध्या पुष्कळदा ठेक्याने किंवा अधियाने कसल्या जातात आणि करार वर्षाचा असतो. पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने बंड्या भरून गाळ का टाकावा? मालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की ठेका निदान तीन-चार वर्षांचा द्या आणि खत-गाळाच्या खर्चात आपला वाटा उचला. कसणाऱ्या भावा-बहिणींना सांगणे असे की एकदम सगळी शेती हाती घेऊ नका. सगळ्यात कष्टी एक बांधी निवडा. तिच्या धुऱ्यावर गिरिपुष्प लावा, तणस कापणीनंतर गाडा, खत झाकून कुजवा आणि पाणी भरण्याच्या पुरेसे आधी मातीत मिसळा. ती बांधी सुधारली की शेजारच्या बांधीत काय करायचे हे तुम्हाला कुणाला विचारावे लागणार नाही.